वीज, डोलकाठी आणि तांब्याची पट्टी

कोकणात ऐन पावसाळ्यात विजा फारशा होत नाहीत, हे घाटावरच्या माणसाला सांगितले तर पटत नाही. जुलैत पाऊस आठ-आठ दिवस उघडत नाही, पण आभाळ फक्त गळत राहते. विजेसाठी ढग खूप उंच चढावा लागतो. वर, हवा गोठणबिंदूच्याही खाली थंड असते तिथे, बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटतात, तेव्हा विद्युतभार वेगळे होतात. भर मोसमातले कोकणातले ढग बहुधा तितकी उंची गाठत नाहीत. ती गाठतात मोसमाच्या दोन टोकांना. एक टोक मे अखेरच्या वळवाचे आणि दुसरे परतीच्या पावसाचे, म्हणजे हस्त आणि चित्रा नक्षत्रांचे. दुपारभर सह्याद्री तापतो, माथ्यावर ढगांचे डोंगर उभे राहतात, चार-पाचच्या सुमारास पूर्वेकडून काळोख चालून येतो आणि तिन्हीसांजेला विजा खाडी ओलांडून समुद्रावर जातात.

'पडतील चित्रा, तर भात खाईना कुत्रा' असे शेतकरी म्हणतो. दर्यावर्दी माणसाला चित्रा वेगळी भिववते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी उठलेली असते, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन झालेला असतो, हंगाम भरात असतो. होड्या सर्वांत जास्त संख्येने बाहेर असतात त्याच दिवसांत डोक्यावर विजांचे ढग येतात. किनाऱ्यावरचा हा पंचांगी योग फार जुना आहे. त्यावरचा उपाय, म्हणजे डोलकाठीपासून पाण्यापर्यंत विजेला धातूची वाट देणे, मात्र पावणेतीनशे वर्षांचाच आहे, आणि तो ज्या क्रमाने सापडला तो क्रम माहीत असला तर उपायाचे मर्म चटकन कळते. म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

लहानपणी आमच्या वाडीत माडावर वीज पडलेली मी पाहिली आहे. शेंडा धुमसत होता, खोडाला वरून खाली उभी चीर गेली होती आणि पुढच्या काही आठवड्यांत झावळ्या एकेक करून गळून नुसता खांब उरला. वीज म्हणजे सरासरी तीस हजार अँपिअरचा लोंढा, तोही सेकंदाच्या अगदी लहान अंशात. तिच्या वाटेतली हवा तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. लाकडाच्या आतला ओलावा त्या क्षणी वाफ होतो आणि ती वाफ लाकूड आतून फोडते. लाकडी डोलकाठी म्हणजे समुद्रात उभा केलेला माडच. फरक इतकाच की वाडीत आजूबाजूला आणखी माड असतात आणि समुद्रावर दूरदूरपर्यंत दुसरे काहीच उंच नसते.

बेंजामिन फ्रँकलिनने विजेचा तडाखा ही विद्युतच आहे हे १७५२ च्या सुमारास दाखवले, हे शाळेत सगळेच शिकतात. शाळेत सांगत नाहीत ती गोष्ट अशी की त्याने लगेचच जहाजांचाही विचार केला होता. तो दरवर्षी एक पंचांग छापत असे. १७५३ सालच्या पंचांगात त्याने घरावरच्या तडितरक्षकाची कृती दिली आणि तिथेच लिहिले, की जहाजाच्या डोलकाठीच्या टोकाला अणकुचीदार सळई बसवावी आणि सळईच्या पायापासून एक तार, डोलकाठी ताणून धरणाऱ्या दोराला वेढत, थेट पाण्यापर्यंत न्यावी. वर टोक, खाली पाणी आणि मध्ये अखंड धातू. आजच्या सगळ्या नौकांवरच्या व्यवस्थेचा सांगाडा या एका वाक्यात आहे.

पण नौदलांनी हा सांगाडा अर्धवट उचलला. कायमची तार नको, ती शिडांच्या दोरांत अडकते, असे म्हणून ब्रिटिश जहाजांना तांब्याच्या दुव्यांची साखळी देण्यात आली. ती पेटीत ठेवायची आणि वादळ दिसले की डोलकाठीवर चढवायची. आता विचार करा, वादळ अंगावर येत असताना शिडे उतरवायची, दोर आवळायचे, सुकाणू धरायचे, आणि त्यातच कोणीतरी साखळी घेऊन डोलकाठीवर चढायचे. बहुतेक वेळा ती पेटीतच राहिली. काही कप्तानांना तर ती वर नेणेच धोक्याचे वाटे.

ती वर असली तर काय होते, हे कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर'वर दिसले. ऑक्टोबर १७७० मध्ये हे जहाज बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नांगरून होते. रात्री मोठे वादळ झाले. जवळच उभ्या असलेल्या एका डच व्यापारी जहाजावर वीज कोसळली आणि त्याच्या मुख्य डोलकाठीच्या चिंधड्या उडाल्या. त्या डच जहाजाच्या डोलकाठीच्या टोकाला लोखंडी दांडा होता, पण तिथून खाली उतरायला वाट नव्हती. 'एंडेव्हर'वर साखळी नुकतीच, अगदी थोड्या वेळापूर्वी चढवली होती. भूकंप झाल्यासारखे जहाज हादरले, साखळी आगीच्या रेघेसारखी दिसली, पहाऱ्यावरच्या शिपायाच्या हातून बंदूक निसटली, आणि जहाजाला काहीही झाले नाही. साखळी नसती तर आपलीही तीच गत झाली असती, असे कुकने नोंदवले आहे. मला या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'नुकतीच' हा वाटतो. तासभर आधी वीज पडली असती तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याचा पहिला नकाशा घेऊन येणारे जहाज त्या बंदरातच अडकले असते.

यानंतर पन्नास वर्षे काहीच बदलले नाही. विल्यम स्नो हॅरिस हा प्लिमथचा डॉक्टर. त्याने १८२० मध्ये सुचवले, की साखळी पेटीत ठेवूच नका. डोलकाठीच्या मागच्या अंगाला खाच पाडून तिच्यात तांब्याच्या पट्ट्या कायमच्या बसवा, सांधे एकावर एक चढवा, पट्टी डोलकाठीच्या बुडापर्यंत आणा आणि तिथून तांब्याच्या खिळ्यांनी जहाजाचा तळ ओलांडून समुद्राशी जोडा. त्या काळी मोठ्या जहाजांच्या तळाला कीड लागू नये म्हणून तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, त्यामुळे पाण्याला भिडणारा मोठा धातू आयताच मिळत होता. खलाशाने काहीही करायचे नाही, काहीही आठवायचे नाही. हॅरिसच्या कल्पनेची खरी ताकद या दुसऱ्या भागात होती, असे मला वाटते.

विरोध झालाच. मुख्य आक्षेप असा, की डोलकाठीभर तांबे बसवले तर वीज मुद्दाम ओढली जाईल. हा आक्षेप आजही कोणत्याही जेट्टीवर ऐकू येतो, जवळपास त्याच शब्दांत. वीज कुठे पडणार हे मुख्यतः उंचीवर ठरते आणि समुद्रावर डोलकाठी ही उंचच असते, तिच्यात तांबे असो वा नसो. तांबे ठरवते ते वीज पडल्यावर कुठून जाणार हे.

१८३१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघालेल्या 'बीगल'वर, डार्विन जिच्यावर होता त्याच नौकेवर, हॅरिसच्या पट्ट्या बसवल्या होत्या. तिचा कप्तान फिट्झरॉय याला त्यांची किंमत पूर्वीच कळलेली होती, कारण रिओ दि जानेरोच्या बंदरात 'थेटिस' या जहाजावर असताना विजेने पुढची डोलकाठी फोडलेली त्याने पाहिली होती. 'बीगल' पाच वर्षे फिरली. निदान दोन वेळा वीज पडली असावी असे त्याने लिहिले: लखलखाट आणि कडकडाट एकाच क्षणी, डोलकाठ्यांवर सूंऽ असा आवाज आणि जहाजाला बारीकशी थरथर. नुकसान शून्य. एवढे होऊनही नौदलाने ही पद्धत सर्व जहाजांसाठी स्वीकारायला १८४२ उजाडले. हॅरिसला १८४७ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. तोवर लोक त्याला 'गडगडाट-विजा हॅरिस' म्हणूनच ओळखत होते.

या काळात आपल्या किनाऱ्यावर काय होते? मुंबईच्या गोदीत वाडिया घराणे सागवानी युद्धनौका बांधत होते. १८१७ ची 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तांबे होते ते अशा जहाजांच्या तळाला. कोकणातल्या मचव्यांची, पडावांची, गलबतांची गोष्ट निराळी. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत कातळ खोदून केलेली मराठ्यांची गोदी आजही पाहता येते. तिथे दुरुस्तीला चढणाऱ्या गलबतांचे अंग सागवानी, दोर काथ्याचे, तळाला चुना, चरबी आणि माशाच्या तेलाचा हात. डोलकाठीपासून पाण्यापर्यंत धातूची सलग वाट अशा बांधणीत कुठेच नव्हती. ओला दोर किंवा ओले लाकूड थोडीफार वीज वाहते, पण ती वाहताना स्वतः फुटते किंवा पेटते. नाखव्याजवळ तांबे नव्हते, पण आभाळ वाचण्याची नजर होती, आणि पूर्वेला ढग चढलेला दिसला की खाडीचे मुख गाठायचे हा शहाणपणा होता. जहाजे लोखंडाची झाली तेव्हा तर जगभर हा प्रश्नच मिटला, कारण सगळे जहाजच विजेची वाट बनले.

तो पुन्हा उभा राहिला फायबरमुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिडाच्या नौका फायबरग्लासच्या होऊ लागल्या. फायबर कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, आणि ते वीजही वाहत नाही. वर ॲल्युमिनियमची डोलकाठी आहे, म्हणजे वीज वरून खालपर्यंत सहज येते, आणि मग तिला पाण्यापासून तोडणारा फायबरचा पातळ थर लागतो. बटाव्हियाच्या त्या डच जहाजासारखीच ही अवस्था: टोक आहे, वाट नाही. अशा वेळी वीज तळाला भोक पाडून निघते, किंवा उडी मारून जवळच्या धातूवर जाते: इंजिन, इंधनाची टाकी, वायरिंग, सुकाणूचा दांडा धरलेला हात. या बाजूच्या उडीनेच माणसे दगावतात.

म्हणून आजची पद्धत हॅरिसचीच आहे, फक्त मोजमापे ठरलेली आहेत. डोलकाठीच्या टोकावर अँटेनाच्याही वर जाणारी सळई. डोलकाठीच्या बुडापासून निदान वीस चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, शक्य तितकी सरळ, कारण काटकोनात वळवलेली तार वीज सोडून देते. पाण्याखाली तांब्याचा किंवा काशाचा पत्रा, खाऱ्या पाण्यासाठी साधारण एक फूट गुणिले एक फूट, आणि त्याला रंग लावायचा नाही. वीज पत्र्याच्या कडांवरून पाण्यात उतरते, त्यामुळे चौकोनी पत्र्यापेक्षा लांब अरुंद पट्टी बरी. तारेच्या पाच-सहा फुटांच्या आतले सगळे मोठे धातूचे भाग त्याच तारेला जोडायचे, म्हणजे उडी मारायला कारण उरत नाही. डोलकाठीभोवती साधारण तिच्या उंचीएवढ्या त्रिज्येचा शंकू सुरक्षित धरतात. ही खात्री नव्हे. धोका पुष्कळ कमी होतो एवढेच म्हणता येते. टोकावर तारेचा ब्रश लावला की वीज पडतच नाही, असे सांगून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर माझा विश्वास नाही, त्याला पटेल असा पुरावा मिळालेला नाही.

कोकणासाठी यात एक खास अडचण आहे. वर दिलेले माप समुद्राच्या पाण्याचे आहे. पावसाळ्यात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या खाड्या वरच्या अंगाला गोड्या होतात आणि गोडे पाणी वीज फार वाईट वाहते. तिथे फूटभर पत्रा पुरत नाही, वीज पाण्याच्या रेषेवरून बाजूने फुटून निघते. वादळात आपण खाडीत शिरतो ते लाटांसाठी योग्यच आहे, पण विजेपुरते खाडीचे आतले पाणी समुद्रापेक्षा वाईट. मुखाजवळ, भरतीचे खारे पाणी असते तिथे, नांगर टाकलेला बरा.

आणि खाऱ्या हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडतात. सांधा सैल झाला की तिथे अडथळा, अडथळा तिथे ठिणगी. हॅरिसने सांधे एकावर एक चढवले होते ते यासाठीच.

शिडाच्या नौकेबद्दल बोलतोय, तरी मासेमारीच्या फायबर होड्या मनातून जात नाहीत. त्यांना डोलकाठी नाही, पण झेंड्याची काठी आहे, वायरलेसची अँटेना आहे आणि उघड्या होडीत उभा माणूस आहे. तिथे सळई-तार-पत्रा ही व्यवस्था छोट्या प्रमाणात बसवता येते, आणि वादळ गाठलेच तर काठी, अँटेना, ओली जाळी, इंजिन यांपासून दूर, होडीच्या मध्यभागी खाली बसायचे, पाय पाण्यात सोडायचे नाहीत. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धोका जवळ आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजांची सूचना मोबाइलवर देते. किनाऱ्याजवळ रेंज असेतो ते उपयोगी आहे. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने जातात.

आता जूनमध्ये होड्या शाकारून किनाऱ्यावर चढतील. तळ उघडा पडेल, रंगकाम होईल, खिळे-पाती तपासल्या जातील. पाण्याखालचा पत्रा बसवायचा, तार ओढायची आणि हिरवे पडलेले सांधे घासून घट्ट करायचे ते याच दोन महिन्यांत. हस्त लागेपर्यंत होडी पुन्हा पाण्यात असते.