राक्षस हलका का वाटतो?

पडद्यावर पन्नास मीटर उंचीचा सरडा इमारतीला शेपटीचा फटका देतो, इमारत कोसळते आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. दिग्दर्शकाला खरं तर किंकाळ्या हव्या होत्या. रबरी कातडीची शिवण दिसली म्हणून लोक हसले, असं आपण समजतो. पण शिवण नजरेत भरण्याआधीच हसू फुटलेलं असतं. इमारत फार लवकर पडली, ही खरी गोम आहे.

हिशेब सोपा आहे. इमारतीची प्रतिकृती २ मीटर उंच असेल, तर तिच्या माथ्यावरून सुटलेला तुकडा साधारण ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो. खऱ्या ५० मीटरच्या इमारतीवरून सुटलेल्या तुकड्याला, हवेचा विरोध सोडून दिला तर, ३.२ सेकंद लागतात. उंची पंचवीसपट, वेळ मात्र पाचपट, कारण पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रेक्षकाला हे सूत्र येत नसेल. पण हातातून वाटी निसटण्यापासून झाडावरून फळ गळण्यापर्यंत त्याने हजारो वस्तू पडताना पाहिलेल्या असतात. पडण्याच्या वेळेवरून उंची ताडण्याची सवय डोळ्याला जडलेली असते आणि ती सिनेमागृहाच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवता येत नाही.

यावर तोड आहे. चित्रपट पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने चालतो. प्रतिकृती २५ पट लहान असेल तर चित्रण पाचपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेमने करायचं. मग ०.६४ सेकंदांची पडझड पडद्यावर ३.२ सेकंद चालते आणि इमारतीला वजन येतं. १९५४ साली जपानमध्ये स्पेशल इफेक्ट्सचे दिग्दर्शक एजी त्सुबुराया यांनी ‘गोजिरा’साठी, म्हणजे आपल्या गॉडझिलासाठी, ५० मीटरचा राक्षस उभा केला तो असाच. रबरी सूटमध्ये माणूस, भोवती १/२५ मापाचं शहर आणि पुष्कळ ठिकाणी वाढवलेली कॅमेऱ्याची गती.

गंमत म्हणजे हा वर्गमुळाचा नियम सिनेमावाल्यांच्या आधी जहाजबांधणीत रुळला होता. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्कीजवळ एक लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून पाहिल्या. छोटं जहाज कोणत्या वेगाने ओढलं म्हणजे त्याच्याभोवतीच्या लाटा मोठ्या जहाजासारख्या दिसतील, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर तेच: वेग लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलायचा. चालणाऱ्या पायालाही हे लागू पडतं, कारण पाय म्हणजे एक प्रकारचा लंबकच. १९७६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर यांनी डायनासोरच्या पाऊलखुणांमधलं अंतर आणि पायांची अंदाजी लांबी घेऊन त्यांच्या चालण्याचा वेग काढला, तोही फ्राउडच्याच वाटेने. म्हणून लुटूलुटू धावणारा राक्षस आपल्याला खेळण्यासारखा वाटतो. पंचवीसपट लांब पायाचा झोका पाचपट सावकाश पडला पाहिजे.

मग सगळेच निर्माते असं का करत नाहीत? इथे पैशाचा प्रश्न येतो. सेकंदाला १२० फ्रेम घेतल्या की प्रत्येक फ्रेमला प्रकाश पाचपट कमी वेळ मिळतो, म्हणजे दिवे पाचपट प्रखर हवेत. त्यात आणखी एक अडचण. छोटी वस्तू जवळून टिपली की मागचं दृश्य धूसर होतं आणि त्या धूसरपणावरूनच ‘हे टेबलावरचं शहर आहे’ अशी चुगली होते. ती टाळायची तर भिंगाचं छिद्र बारीक करावं लागतं, म्हणजे पुन्हा आणखी दिवे. सूटमधल्या माणसाचे काय हाल होत असतील ते विचारू नका. शिवाय जे काही घडवायचं ते पाऊण सेकंदात आटोपतं. सुरुंग उशिरा उडाला की महिनाभर खपून उभारलेलं शहर फुकट गेलं. दुसऱ्या टेकची चैन स्वस्त चित्रपटाला परवडत नाही. स्वस्त राक्षस विनोदी होतो त्यात निर्मात्याच्या आळसाचा वाटा थोडा आणि वर्गमुळाचा जास्त.

पैसा ओतूनही एक गोष्ट मात्र ऐकत नाही: पाणी. पृष्ठताणामुळे पाण्याचा थेंब काही मिलिमीटरचाच राहतो, हौद कितीही लहान असो. १/२५ मापाच्या समुद्रातून राक्षस वर आला की त्याच्या अंगावरून निथळणारा ५ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर साडेबारा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे मुठीहून मोठा. आगीच्या ज्वाळांचंही तेच. जुन्या चित्रपटांतलं बुडणारं जहाज न्हाणीघरातलं वाटतं ते या थेंबांमुळे.

कधी कधी प्रतिकृतीलाही पैसे नसत. १९५७ च्या ‘बिगिनिंग ऑफ द एंड’मध्ये शिकागोवर चाल करून आलेले महाकाय नाकतोडे चक्क इमारतींच्या छायाचित्रांवर चालवले होते. एखादा नाकतोडा इमारत सोडून आभाळावर पाय ठेवतो, तो क्षण मला कोट्यवधींच्या दृश्यांहून प्रिय आहे.

आता खुद्द प्राण्याकडे वळू. लांबी वाढली की हाडांचा छेद वर्गाने आणि वजन घनाने वाढतं, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच, जाडजूड हाडाचं चित्र काढून दाखवलं होतं. ५ मिलिमीटरची, ५ मिलिग्रॅमची मुंगी तशीच्या तशी ३ मीटर केली, तर लांबी ६०० पट होते आणि वजन जवळपास एक टन. पायांच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर आधीच्या ६०० पट भार येतो. ती शहरावर चालून येणार नाही. ती उभीच राहणार नाही. कोषातून बाहेर पडताना, कवच मऊ असताना, तर तिचा अगदी गोळाच होईल. श्वासाचीही पंचाईत आहे. कीटकांच्या शरीरात प्राणवायू बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जातो आणि या वाटेचा शेवटचा टप्पा विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, पार पडतो. अंतर दहापट झालं की विसरणाला शंभरपट वेळ लागतो. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा हा चतुरासारखा कीटक पंख पसरून ६५ ते ७० सेंटिमीटर भरत असे. तेव्हा हवेत प्राणवायू आजच्या २१ टक्क्यांहून बराच जास्त होता, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पण मेगान्यूराही ससाण्याएवढाच, विमानाएवढा नव्हे.

चिचुंद्रीची गोष्ट याहून मजेदार. १९५९ मध्ये टेक्सासात बनलेल्या ‘द किलर श्रूज’मध्ये कुत्र्याएवढ्या, सदा भुकेल्या चिचुंद्र्या आहेत. त्या कुत्र्यांएवढ्या असणारच, कारण ती कुत्रीच होती, अंगावर केसाळ झुली चढवलेली. खऱ्या चिचुंद्र्या खरोखरच अधाशी असतात, काही जाती रोज स्वतःच्या वजनाएवढं खातात. छोट्या शरीरात वजनाच्या मानाने कातडी जास्त, त्यामुळे उष्णता भराभर निसटते आणि भट्टी सतत पेटती ठेवावी लागते. आता ५ ग्रॅमची चिचुंद्री ३० किलोची करू, म्हणजे ६,००० पट. तिची भट्टी त्याच जोमाने चालू ठेवली तर उष्णता ६,००० पट निर्माण होईल, पण ती बाहेर टाकणारी कातडी जेमतेम ३३० पट वाढेल. कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला अठरापट उष्णता! कोणावर झडप घालण्याआधीच बाईसाहेब आतून शिजून निघतील. जगायचं तर भट्टी मंद करावी लागेल आणि मग, लहान-मोठ्या खऱ्या प्राण्यांत दिसणाऱ्या प्रमाणाने, भूक वजनाच्या मानाने नवव्या हिश्शावर येईल. म्हणजे तिला दिवसाला साधारण साडेतीन किलो अन्न पुरेल. तेवढ्यासाठी चित्रपटातल्या बेटावरची सगळी माणसं खायची गरज नाही.

उलट १९७२ च्या ‘नाईट ऑफ द लेपस’मधले लांडग्याएवढे ससे शरीरशास्त्राच्या दृष्टीने फारसे अशक्य नाहीत. कॅपिबारा हा कुरतडणारा प्राणी सहज ५० किलोचा होतो आणि मजेत जगतो. तरी या यादीत सर्वांत जास्त हशा या सशांच्या चित्रपटालाच मिळतो. छोट्या घरांच्या रस्त्यावरून पाळीव ससे संथ गतीत उड्या मारतात, म्हणजे गतीचं गणित इथे पाळलेलं आहे. पण केसांचं नाही. मोठ्या प्राण्याच्या अंगावर केस त्या मानाने बारीक दिसायला हवेत. इथे एकेक केस दोरीएवढा. आणि ससा शेवटी ससाच, नाक फेंदारून जगाकडे कुतूहलाने बघणारा.

उरला टोमॅटो. १९७८ चा ‘अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज’ हा मुद्दामच विनोदी, एक लाख डॉलरहून कमी खर्चात उरकलेला. त्यात माणसाहून मोठे लालबुंद टोमॅटो गडगडत येतात, अगदी वाटोळे. स्पर्धेसाठी वाढवलेले भोपळे १,२०० किलोच्या पुढे गेलेत, पण वाटोळे राहिलेले नाहीत. स्वतःच्याच भाराने ते पसरट होऊन जमिनीवर बसकण मारतात. रसाळ टोमॅटोची अवस्था याहून वाईट झाली असती. पडद्यावरचे टोमॅटो मात्र फुग्यासारखे उसळतात. त्याच चित्रपटात एक भाड्याचं हेलिकॉप्टर उतरता उतरता शेपटी जमिनीला घासून गरकन फिरतं आणि कोसळून पेटतं. ते पटकथेत नव्हतं. अपघात खरा होता, माणसं बचावली, कॅमेरा चालू होता, म्हणून दृश्य तसंच ठेवलं. ते १/२५ मापाचं नव्हतं आणि सेकंदाला २४ फ्रेमनेही ते अगदी बरोबर वेळेत पडतं.