रोपे तयार करण्याची भांडी

बी पेरल्यापासून रोप कायमच्या कुंडीत किंवा वाफ्यात जाईपर्यंत, म्हणजे दोन ते सहा आठवडे, ज्यात वाढते ते भांडे. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर आणि झेंडू यांची रोपे आधी करून मग लावतात. मुळा आणि गाजर यांच्या सोटमुळाला जागा बदलणे सोसत नाही. मेथी, कोथिंबीर, गवार, भेंडीही थेट जागेवर पेरलेलीच बरी.

भांडे कशाचे आहे यापेक्षा ते किती खोल आहे आणि त्याला खाली भोके आहेत का, हे आधी पाहावे. पाणी निथळून गेले तरी भांड्यात भरलेल्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खताच्या मिश्रणाच्या तळाशी एक चिंब थर उरतोच. त्याची जाडी मिश्रणाच्या पोतावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. हा थर दोन सेंटिमीटर असेल तर चार सेंटिमीटरच्या अंड्याच्या ट्रेमध्ये निम्मे मिश्रण चिंब राहते. आठ सेंटिमीटरच्या डब्यात तीन चतुर्थांश भाग वाफशावर, म्हणजे ओलसर पण हवा खेळती, असतो. तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. त्याने चिंब थर वर सरकतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. मिश्रण वाहून जाऊ नये म्हणून भोकावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ठेवला की पुरते.

पुणेकरांच्या घरात सहज सापडणारे आणि खरोखर उत्तम भांडे म्हणजे अर्धा किलो श्रीखंडाचा किंवा दह्याचा डबा. तापवलेल्या दाभणाने तळाला पाच-सहा मिलिमीटरची चार भोके आणि कडेला, तळालगत, आणखी दोन पाडावीत. डबा सपाट फरशीवर टेकला तरी कडेच्या भोकांतून पाणी जाते. प्लास्टिकचा धूर होतो, म्हणून हे काम गच्चीवर करावे. अशा डब्यात दहा-बारा बिया पेरून, उगवताना येणाऱ्या पहिल्या जोडपानांनंतरची दोन खरी पाने आल्यावर रोपे वेगवेगळी करता येतात. त्या वेळी रोप पानाला धरून उचलावे. खोड चिमटीत दबले तर रोप वाचत नाही.

चहाचा कागदी कप एका रोपाला तीन आठवडे पुरतो. मात्र त्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते. तो कपासकट मातीत पुरला तर मुळे आतच गोल फिरत राहतात आणि रोप खुरटते. वर्तमानपत्राची पुंगळी पुरता येते, पण तिचा काठ मातीच्या वर राहू देऊ नये. उघडा कागद वातीसारखा पाणी वर ओढतो आणि मुळांभोवतीची माती कोरडी पडते. दुधाची पिशवी कोपरे कापून वापरल्यास काकडी, दोडका, भोपळा यांना चांगली. ही रोपे पंधरा दिवसांतच हलवावी लागतात. करवंटी मजबूत असली तरी भोक पाडणे जिकिरीचे, आणि भोक नसलेल्या करवंटीत रोप सडते.

जास्त रोपे हवी असतील तर रोपवाटिकांत वापरतात तो ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे घ्यावा. कप्पा खाली निमुळता असल्याने रोप मिश्रणासकट अलगद निघते. ट्रे जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा जाळीवर ठेवावा. खालून हवा लागली की मुळांची टोके तिथेच थांबतात आणि बाजूची मुळे वाढतात. कप्पे लहान असल्याने एप्रिलच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागते. काळ्या ट्रेवर दुपारचे पश्चिमेचे ऊन आल्यास मुळे भाजतात.

पुण्याच्या ऋतूंनुसार निवड बदलते. उन्हाळ्यात कुंभारवाड्यातून आणलेली मातीची कुंडी गार राहते, पण बारीक रोपांसाठी फार लवकर वाळते. जून ते सप्टेंबरमध्ये उलट अडचण: पावसाच्या सरी बी उपसून टाकतात आणि ओल हटत नाही, म्हणून भांडी पत्र्याखाली पण वारा येईल अशा जागी ठेवावीत. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री मिरची-वांग्याचे बी रखडते. तेव्हा उचलून आत नेता येईल असा लहान डबा मोठ्या ट्रेपेक्षा सोयीचा.

भरण्यासाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग चाळलेले गांडूळखत घ्यावे. नुसती काळी माती छोट्या भांड्यात पाण्याने घट्ट बसते आणि वाळली की तडकते.

उगवलेले रोप बुंध्याशी बारीक होऊन आडवे पडणे हे रोपे कोलमडण्याच्या रोगाचे लक्षण. हा रोग मातीतल्या बुरशीने होतो आणि दाट पेरणी, सततची ओल व न धुतलेले जुने डबे यांमुळे पसरतो. पडलेली रोपे परत उभी राहत नाहीत. ती मिश्रणासकट काढून टाकावीत. भांडे साबणाने घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे आणि मगच त्यात पुन्हा बी टाकावे.