वाशिष्ठीचे आकडे: अवजल, ओहोटी आणि बीओडी

वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीत मासे मरून तरंगतात आणि तपासणीतले आकडे मात्र मर्यादेत निघतात, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची जुनी तक्रार. लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत उभी राहिल्यापासून हा वाद धुमसतोय. आकडे खोटेच असतात, असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ. पण त्याआधी नमुना कुठे आणि कधी भरला, हे बघायला हवं.

जलप्रदूषणाचा महाराष्ट्राचा कायदा १९६९चा, केंद्राचा १९७४चा. ठरलेल्या जागी ठराविक काळाने नमुने घ्यायची देशव्यापी पद्धत सत्तरचं दशक सरता सरता सुरू झाली. महिन्यातून एकदा एका जागचं पाणी तपासायचं, हा हिशेब लांबलचक, संथ नद्यांना चालून जातो. कोकणातल्या बहुतेक नद्या सह्याद्रीवरून उतरून शंभर किलोमीटरच्या आत खाडीला मिळतात आणि पावसाळा सरला की त्यांचा स्वतःचा प्रवाह रोडावतो.

चिपळूणला उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती मुख्यतः कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज तयार करून सोडलेल्या पाण्यामुळे. पोफळीचं वीजगृह १९६२ला सुरू झालं. कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेकडे वळवायला परवानगी आहे. कुंडलिकेत भिऱ्याचं आणि पाताळगंगेत खोपोलीचं पाणी येतं, ती वीजगृहं तर स्वातंत्र्याआधीची. विजेची मागणी वाढली की संच चालतात, नदी फुगते, घाण पातळ होते. संच थांबले की तीच नदी उतरते. त्यातच खालच्या अंगाला दिवसातून दोनदा भरती. लोट्याचं सांडपाणी करंबवण्याला खाडीत जातं, तिथे भरतीला भरलेली बाटली आणि सुकतीला भरलेली बाटली एकाच पाण्याची म्हणणं कठीण.

खरा गुंता मात्र बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाचा आहे. ही चाचणी जिवाणूंच्या भरवशावर चालते. नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवायचा आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. पाण्यात जिवाणूंनाच मारणारं रसायन असलं, तर ते खाणार काय? आकडा कमी येतो. जाणता तंत्रज्ञ हे ओळखतो: नमुना जितका जास्त पातळ करावा तितका हिशेबाने येणारा बीओडी वाढत गेला, तर पाण्यात विष आहे. अहवालात शेवटी उतरतो तो एकच आकडा.

सीओडीचं, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मापाचं, उलटं. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइडही त्या चाचणीतलं डायक्रोमेट हे रसायन खातं आणि आकडा फुगवतं. ते दाबायला पाऱ्याचा क्षार घालतात, पण नेहमीच्या पद्धतीत लिटरला साधारण २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंतच त्याचा भरवसा. समुद्राच्या पाण्यात ते १९,०००च्या घरात असतं. म्हणजे खाडीच्या तोंडाला एक चाचणी प्रदूषण लपवू शकते, दुसरी नसलेलं दाखवू शकते. कारखानदार दुसऱ्या चाचणीकडे बोट दाखवतात, गावकरी पहिलीकडे, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं.

असं असूनही नद्यांची प्रतवारी ठरली ती बीओडीवरच. २०१८ला देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी निघाली, त्यात महाराष्ट्राचे ५३. अग्रक्रम लावला बीओडीवर. मैलापाण्याने नासलेल्या नदीला हा निकष लागू पडतो, कारण तिथे रोग सांडपाण्याचाच. पाण्याच्या गुणवत्तेचा निर्देशांकही विरघळलेला ऑक्सिजन, विष्ठेतले जिवाणू, सामू (पीएच) आणि बीओडी या चौघांवरच काढतात. द्रावकं, जड धातू, रंगांचे अंश त्यात धरलेलेच नाहीत. रासायनिक वसाहतीखालच्या नदीला याच फूटपट्टीने ‘चांगली’ ठरवायचं, हे मला पटत नाही.

२०१४पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सांडपाण्यावर ऑनलाइन संवेदक बसवायला लावले. रोजचे, तासाचे आकडे येऊ लागले, पण ते कारखान्याच्या नळाचे, नदीचे नव्हेत. शिवाय कोर्टात टिकतो तो कायद्यानुसार घेतलेला नमुना: आधी नोटीस, मग समोरच्यादेखत दोन भाग, दोन्हींना सील. नोटीस हातात पडेपर्यंत झडप बंद करायला कितीसा वेळ लागतो, हे वसाहतीत कुणीही सांगेल.

नदीच्या प्रसिद्ध तक्त्यांत महिन्याचा आकडा असतो, भरती-ओहोटीचा रकाना नसतो. संच कधी चालले याची नोंद वीजगृहाकडे असते, भरतीचं कोष्टक तर वर्षभर आधी छापून येतं. जुन्या आकड्यांशेजारी हे दोन रकाने मांडायला फक्त बाटली भरल्याची वेळ हवी.