सुकलेला ओक, हिरवा फर: फ्रीडरिखची एकाच नावाची दोन चित्रं

कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) या जर्मन चित्रकाराची ‘हिवाळी निसर्गचित्र’ याच नावाची दोन चित्रं आहेत. दोन्ही १८११ची, दोन्ही लहानशी, दोन्हींत बर्फ, झाडं आणि पाय अधू झालेला माणूस. गल्लत होणारच. ओळखायची खूण म्हणजे कुबड्या: माणूस कुबडीवर भार टाकून उभा असेल तर ते जर्मनीतल्या श्वेरीन शहरातल्या संग्रहालयातलं चित्र, कुबड्या बर्फात टाकून दिलेल्या असतील तर लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं.

श्वेरीनच्या चित्रात वठलेले ओक आहेत, तोडलेल्या झाडांचे बुंधे आहेत आणि करडं आभाळ. आसऱ्याला एकही इमारत नाही.

लंडनच्या चित्रात माणूस शोधावा लागतो. फरच्या (सुईसारख्या पानांच्या, सदाहरित) झाडांपाशी, खडकाला टेकून, तो क्रूसासमोर प्रार्थना करतोय. मागे धुक्यातून गॉथिक, म्हणजे उंच टोकदार मनोऱ्यांच्या मध्ययुगीन शैलीतलं, चर्च वर येतंय. नीट पाहा, चर्चचे मनोरे आणि फरचे शेंडे एकाच घडणीचे आहेत. झाड आणि इमारत एकच गोष्ट सांगतायत: श्रद्धा आणि आशा. ते धुकं फ्रीडरिखने ब्रशच्या टोकाने निळसर ठिपके देत देत साकारलंय. पुढे बर्फातून गवताची पाती डोकावतात.

हा अर्थ आपण वरून लादलेला नाही. १८०८मधल्या त्याच्याच ‘टेचेन वेदीचित्रा’वर (खडकावरचा क्रूस आणि भोवती फर) रामडोर या समीक्षकाने कडक टीका केली, तेव्हा फ्रीडरिखने स्वतःच खुलासा केला होता: खडक म्हणजे अढळ श्रद्धा, सदाहरित फर म्हणजे माणसाची आशा. ओककडे काही अभ्यासक ख्रिस्ती धर्माआधीच्या श्रद्धांची खूण म्हणून पाहतात. श्वेरीनच्या चित्रात मला ते ओढूनताणून वाटतं. तिथे थकलेलं शरीर आणि थकलेलं झाड एवढं पुरेसं आहे. आपल्याकडे निष्पर्ण पळस, पांगारा फुलांनी पेटतात, म्हणून उघड्या फांद्या पाहून आपल्याला मरण आठवेलच असं नाही. या चित्रात मात्र झाडं खरोखर वठलेली आहेत.

श्वेरीनच्या चित्रात इमारतच नाही, लंडनच्या चित्रात उभं चर्च आहे; मग इमारत पडकी असेल तर? ‘ओकवनातला मठ’ (१८०९–१०) या चित्रात त्याच्या जन्मगावाजवळच्या, ग्राइफ्सवाल्डलगतच्या एल्डेना मठाचे अवशेष आहेत, भोवती तसेच वठलेले ओक. भिक्षू शवपेटी घेऊन चाललेत. सगळं श्वेरीनसारखंच वाटतं. पण त्या पडक्या दारात क्रूस उभा आहे आणि वरचं आभाळ उजळलेलं आहे. त्यामुळे मला हे चित्र लंडनच्या चित्राच्या जवळचं वाटतं.