लॉगिन टिकत का नाही? ब्राउझरच्या कुकी आणि सुरक्षा-नियमांची पार्श्वभूमी

परीक्षेचे अर्ज, प्रवेशाच्या फेऱ्या किंवा करभरणा यांची मुदत जवळ आली की पुण्यात पेठांमधल्या अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांत आणि संगणक दुरुस्तीच्या दुकानांत एकाच धाटणीच्या तक्रारी येऊ लागतात. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचेच पान पुन्हा समोर येते. बँकेतून पैसे वळते होतात, पण पोर्टलवर परतल्यावर ‘सेशन संपले’ असा संदेश दिसतो. एखादे संकेतस्थळ क्रोममध्ये चालते आणि आयफोनवर चालत नाही. या सगळ्यांवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय सांगितला जातो : कुकीज (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) साफ करा, आणि तरी जमले नाही तर सुरक्षा-सेटिंग खाली आणा. हा सल्ला कधी लागू पडतो, कधी निरुपयोगी ठरतो आणि कधी नुकसानही करतो. त्याचे कारण असे की ब्राउझरचे हे वागणे लहरी वाटले तरी तसे नसते. जवळजवळ प्रत्येक लक्षणामागे कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी ठोस धोक्याला उत्तर म्हणून केलेला एक नियम असतो, आणि तो नियम ओळखता आला की दोष कुठे आहे हेही सापडते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास वेबसाठी जो संपर्क-नियम, म्हणजे एचटीटीपी, तयार केला, त्यात सर्व्हरला काहीही लक्षात ठेवण्याची सोय नव्हती. पान मागावे, पान मिळावे आणि संबंध संपावा, एवढेच त्याचे काम होते. शास्त्रीय कागदपत्रे वाचण्यासाठी ते पुरेसे होते. परंतु वेबवर खरेदी-विक्री करायची म्हटल्यावर दुसऱ्या पानावर आलेला माणूस पहिल्या पानावरचाच आहे की नाही, हे कळणे भाग पडले. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणारे लू माँटुली यांनी यावर जो तोडगा काढला तो म्हणजे कुकी. एमसीआय या कंपनीला ऑनलाइन दुकान उभे करायचे होते आणि अर्धवट राहिलेल्या खरेदीची माहिती आपल्या सर्व्हरवर साठवायची नव्हती, हे त्यामागचे व्यावहारिक निमित्त होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये बाहेर आलेल्या नेटस्केपच्या चाचणी-आवृत्तीतच कुकीची सोय होती आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररनेही ती स्वीकारली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा कुकीला लोकांसमोर येऊन एक वर्षही झालेले नव्हते.

आज लॉगिनसाठी वापरली जाणारी कुकी ही देवळाबाहेरच्या चप्पल-स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी असते. बिल्ल्यावर फक्त क्रमांक असतो, वस्तू स्टँडवाल्याकडेच राहते. सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक क्रमांक देतो, ब्राउझर प्रत्येक वेळी तो परत दाखवतो, आणि कोणाचे खाते, कोणता अर्ज, किती पाने भरून झाली ही माहिती सर्व्हरकडेच असते. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचे पान परत येते, तेव्हा बहुधा हा क्रमांक एक तर साठवला गेलेला नसतो, किंवा साठवलेला असूनही ब्राउझरने तो दाखवलेला नसतो. ‘साठवला नाही’ आणि ‘दाखवला नाही’ हे दोन वेगळे दोष आहेत आणि कुकीज साफ करण्याने त्यांतला दुसरा कधीच दुरुस्त होत नाही.

गुंतागुंत सुरू झाली ती त्रयस्थ कुकीमुळे, म्हणजे सेटिंगमध्ये जिला थर्ड पार्टी कुकी म्हटले जाते तिच्यामुळे. एका पानावर दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून आलेले जाहिरातीचे चित्र असेल, तर त्या चित्राबरोबर ती कंपनीही आपली कुकी ठेवू शकत असे; आणि तीच कंपनी हजारो संकेतस्थळांवर चित्रे पुरवत असेल, तर एकच माणूस कुठे-कुठे फिरला याची नोंद तिच्याकडे आपोआप तयार होई. फेब्रुवारी १९९६ मध्ये फायनान्शियल टाइम्समधील लेखामुळे ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसमोर तिची चर्चाही झाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी आरएफसी २१०९ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला, आणि त्यात त्रयस्थ कुकी मुळातच चालू नसावी अशी स्पष्ट भूमिका घेतली. मात्र त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी ती अमलात आणली नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वात महागात पडलेली गोष्ट हीच. त्या वर्षी हा नियम लागू झाला असता तर संकेतस्थळे सुरुवातीपासून त्याला धरून बांधली गेली असती. प्रत्यक्षात जगभरची लॉगिन, पेमेंट आणि एकमेकांत बसवलेली पाने त्रयस्थ कुकी मिळणारच असे गृहीत धरून उभी राहिली, आणि पुढची दोन दशके ते गृहीतक एकेका ब्राउझरने आपापल्या वेळापत्रकानुसार मोडून काढले.

दरम्यान इंटरनेट एक्सप्लोररने सुरक्षेची वेगळीच पद्धत रुजवली. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत संकेतस्थळांचे विभाग आले : इंटरनेट, स्थानिक जाळे, विश्वासार्ह स्थळे आणि प्रतिबंधित स्थळे. २००१ च्या सहाव्या आवृत्तीत गोपनीयतेसाठी वर-खाली सरकणारी पट्टी आली. पट्टी ‘मध्यम’ वर असताना, संकेतस्थळाने पी३पी नावाच्या ठरावीक संक्षिप्त स्वरूपात आपले गोपनीयता-धोरण जाहीर केले नसेल, तर त्याची त्रयस्थ कुकी अडवली जाई. अनेक संकेतस्थळांनी यातून सुटण्यासाठी खरे धोरण न लिहिता ब्राउझरचे समाधान होईल एवढीच अक्षरे पाठवायला सुरुवात केली, आणि त्या पद्धतीचा अर्थच उरला नाही.

पुण्यातल्या कार्यालयांवर या काळाची छाप अजून स्पष्ट दिसते. नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांतल्या कर सल्लागारांच्या आणि निविदा भरणाऱ्यांच्या कार्यालयांत संगणकाशेजारी चिकटवलेले पिवळे पडलेले कागद असत, आणि त्यांवर क्रम लिहिलेला असे : टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, ट्रस्टेड साइट्समध्ये पत्ता टाका, अॅक्टिव्ह-एक्सचे सर्व पर्याय चालू करा, पॉप-अप अडवणे बंद करा. डिजिटल स्वाक्षरीसाठी त्या काळात जावा अॅप्लेट किंवा अॅक्टिव्ह-एक्स, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, लागत असल्यामुळे हे करण्यावाचून इलाज नव्हता, आणि ज्यांनी ते कागद तयार केले त्यांनी आपल्या सहकाऱ्यांची मोठी सोय केली होती. सुरक्षा खाली आणल्याशिवाय काम होत नाही, ही समजूत मात्र तिथेच पक्की झाली. क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावासारख्या जुन्या प्लग-इनना जागा देणे थांबवले. इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी काढला गेला. आजच्या ब्राउझरमध्ये त्या कागदावरच्या बहुतेक पायऱ्या अस्तित्वातच नाहीत, तरीही विंडोजच्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन क्रोमचा दोष शोधणारे लोक भेटतात. क्रोमच्या कुकींशी त्या पट्टीचा काही संबंध नाही.

कुकी चोरीला जाऊ नये म्हणून केलेले नियम हा या इतिहासाचा आणखी एक धागा आहे. २००२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररने ‘एचटीटीपी-ओन्ली’ ही खूण आणली, जिच्यामुळे पानावरच्या स्क्रिप्टला, म्हणजे पानाबरोबर येऊन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला, ती कुकी वाचता येत नाही. ‘सिक्युअर’ ही खूण तर मूळ नेटस्केपच्याच काळातली आहे. अशी कुकी फक्त एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपातल्या संपर्कावर, पाठवली जाते. तिचे महत्त्व सर्वांना पटले ते ऑक्टोबर २०१० मध्ये, जेव्हा फायरशीप या फायरफॉक्सच्या पूरक साधनाने दाखवून दिले की कॅफेतल्या उघड्या वायफायवर शेजारच्या टेबलावरचे लॉगिन एका क्लिकवर उचलता येते. त्यानंतर मोठी संकेतस्थळे संपूर्णपणे एचटीटीपीएसकडे वळली, आणि जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी पानांवर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागले. यातून उद्भवणारा एक दोष अजूनही आढळतो. जुन्या बुकमार्कमध्ये एचटीटीपीचा पत्ता असतो, लॉगिन एचटीटीपीएसवर होते, त्यानंतर पोर्टल पुन्हा एचटीटीपीच्या पानावर नेते, तिथे सिक्युअर कुकी जात नाही, आणि पोर्टलला वापरणारा अनोळखी वाटतो. पत्त्यात ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असणे-नसणे यानेही असेच घडू शकते, कारण एका पत्त्यासाठी दिलेली कुकी दुसऱ्याला मिळेलच असे नाही. संगणकाची तारीख चुकलेली असेल तर संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत संपल्यासारखी दिसते आणि कुकीच्या मुदतीचा हिशेबही बिघडतो. त्यामुळे जुन्या संगणकावर घड्याळ आधी पाहावे.

अॅपलचा सफारी २००३ मध्ये आला तेव्हापासूनच त्रयस्थ कुकींबाबत कडक होता. त्याला चुकवून कुकी ठेवल्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये गूगलला २ कोटी २५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. २०१७ मध्ये सफारीत माग काढणाऱ्यांना ओळखून रोखणारी यंत्रणा आली, २०१९ मध्ये स्क्रिप्टने लिहिलेल्या कुकींचे आयुष्य सात दिवसांवर आणले गेले, आणि मार्च २०२० पासून सर्व त्रयस्थ कुकी मुळातच बंद झाल्या. आयफोनवर एखाद्या संकेतस्थळाने निवडलेली भाषा किंवा शहर आठवडाभरात विसरणे, किंवा पानात बसवलेला दुसऱ्या संस्थेचा अर्ज रिकामा दिसणे, याचे मूळ बहुधा इथे असते. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माग काढणाऱ्यांच्या ज्ञात कुकी अडवायला सुरुवात केली आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींचा वेगळा कप्पा ठेवायला सुरुवात केली.

भारतातल्या वापरणाऱ्यांना सर्वाधिक जाणवलेला बदल मात्र फेब्रुवारी २०२० मधल्या क्रोमच्या ८० व्या आवृत्तीचा होता. त्याआधी एखाद्या कुकीवर ‘सेमसाइट’ ही खूण नसेल तर ती कुठूनही आलेल्या विनंतीबरोबर पाठवली जाई. या आवृत्तीपासून खूण नसलेली कुकी ‘लॅक्स’ समजली जाऊ लागली : दुसऱ्या संकेतस्थळावरच्या साध्या दुव्यावरून आलात तर कुकी जाते, पण दुसऱ्या संकेतस्थळाने अर्ज सादर करण्याच्या पद्धतीने, म्हणजे पोस्टने, तुम्हाला परत पाठवले तर जात नाही. आपल्याकडच्या अनेक पेमेंट गेटवे आणि नेट बँकिंगच्या पानांची परत पाठवण्याची पद्धत नेमकी हीच होती. पैसे भरले जात, बँकेचे पान पोस्टने पोर्टलवर परत आणी, ब्राउझर कुकी दाखवत नसे, आणि पोर्टल लॉगिनचे पान दाखवी. याला क्रोमने एक तात्पुरती सवलत ठेवली होती. खूण नसलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटे झाली नसतील, तर ती अशा पोस्टबरोबरही जाऊ दिली जाई. त्यामुळे ज्याचा ओटीपी लगेच आला त्याचे काम होई आणि ज्याचा उशिरा आला त्याचे होत नसे. एकाच खोलीतल्या दोघांना वेगळा अनुभव का येतो, हे कोणालाच समजत नसे. करोनाच्या साथीत आवश्यक सेवा बंद पडू नयेत म्हणून एप्रिल २०२० मध्ये हा बदल मागे घेतला गेला आणि जुलैपासून पुन्हा लागू झाला. म्हणजे तोच दोष मध्येच नाहीसा होऊन परत आला. भर म्हणून, ‘सर्वत्र पाठवा’ या अर्थाची खूण आयओएस १२ वरचा सफारी नेमकी उलट, सर्वात कडक अर्थाने वाचत असे. त्यामुळे क्रोमसाठी केलेली दुरुस्ती जुन्या आयफोनवर लॉगिन मोडत असे.

अशा वेळी कुकीज साफ करून पुन्हा पैसे भरणे हा सर्वात वाईट मार्ग ठरतो. व्यवहार पूर्ण झाल्याची सूचना बँकेकडून पोर्टलच्या सर्व्हरला स्वतंत्रपणेही जाऊ शकते, त्यामुळे थोडा वेळ थांबून, नव्याने लॉगिन करून पावती तपासावी आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवावा.

त्रयस्थ कुकी पूर्ण बंद करण्याची घोषणा क्रोमने जानेवारी २०२० मध्ये केली, ती अनेकदा पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये हा बेत सोडून दिला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी विचारणाही करणार नसल्याचे सांगितले. आज त्यामुळे साध्या खिडकीत क्रोम त्रयस्थ कुकी घेतो, पण गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीत २०२० पासून मुळातच अडवतो.

हा फरक दोष शोधताना फार उपयोगी पडतो. गुप्त खिडकीत जुन्या कुकी नसतात आणि सहसा एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली पूरक साधने, हीही चालू नसतात. तेव्हा काम गुप्त खिडकीत होत असेल आणि साध्या खिडकीत होत नसेल, तर शिळी कुकी किंवा एखादे एक्स्टेन्शन हे कारण असण्याचा संभव मोठा. उलट, फक्त गुप्त खिडकीत अडत असेल तर त्रयस्थ कुकीकडे पाहावे. पहिल्या बाबतीत सगळा साठा पुसण्याची गरज नाही. पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावरून त्या एकाच संकेतस्थळाचा साठा काढता येतो आणि बाकीची लॉगिन शाबूत राहतात. दुसऱ्या बाबतीत त्या एका संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी आणि काम झाल्यावर काढून घ्यावी. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांसारख्या ठिकाणी, जिथे एक संगणक अनेकजण वापरतात, तिथे सर्वांसाठीची सेटिंग बदलणे म्हणजे पुढच्या माणसालाही उघडे पाडणे होय.

या उपायांनीही भागले नाही आणि दोष पोर्टलचाच वाटला, तर एफ-१२ दाबून नेटवर्कच्या भागात लॉगिनची विनंती उघडावी. अडवलेल्या कुकीपुढे क्रोम पिवळी खूण दाखवतो आणि तिच्यावर माउस नेल्यास सेमसाइट, सिक्युअर की पत्त्याचा मेळ, यांपैकी कोणत्या नियमामुळे ती अडली हे लिहून येते. त्या जागेचा स्क्रीनशॉट, ब्राउझरची आवृत्ती आणि वेळ एवढे मदत-कक्षाला पाठवले तर तिथल्या प्रोग्रामरला दोष नेमका कुठे आहे ते कळते. मात्र स्क्रीनशॉटमधला कुकीचा क्रमांक आधी झाकावा, कारण तो ज्याच्या हाती लागेल त्याला पासवर्डशिवाय खाते उघडता येते.