कानाचं मशीन आणि विसराळूपणा: घरच्यांसाठी माहिती

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आमच्याकडे कानाचं मशीन घ्यायला येणाऱ्या घरच्यांचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो: "मशीन लावलं तर आज्जींचा विसर थांबेल का?" तशी हमी कोणी देत असेल तर त्याच्याकडून मशीन घेऊ नका. पण प्रश्न चुकीचा नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा (डिमेन्शियाचा) धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. ऐकू कमी येणं त्यातली एक, स्मृतिभ्रंशाच्या एकूण रुग्णांत तिचा वाटा सुमारे ७ टक्के. उपचाराने फरक पडतो का, हे पाहणारी मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ७० ते ८४ वयाचे ९७७ जण तीन वर्षं तिच्यात होते. काहींना मशीन आणि श्रवणतज्ज्ञाची देखरेख मिळाली, बाकीच्यांना आरोग्याबद्दल सर्वसाधारण सल्ला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांच्या बुद्धीच्या घसरणीत ठळक फरक दिसला नाही. मात्र हृदयविकाराच्या जुन्या पाहणीतून आलेल्या २३८ जणांत, म्हणजे ज्यांना धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात, बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. जाहिरातीत हा ४८ चा आकडा तेवढा छापतात, आधीचं वाक्य गाळतात. शिवाय चाचणीतल्या लोकांना सुरुवातीला स्मृतिभ्रंश नव्हता. आजार जडल्यावर मशीन त्याचं औषध ठरत नाही. बोलणं कळायला, घरात मिसळायला मदत मात्र होते.

संबंध का असावा? अर्धवट शब्द जुळवण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, लक्षात ठेवायला ती कमी पडते. काय बोलतात ते कळेना म्हणून माणूस भजनाला, लग्नाकार्याला जायचं सोडतो. हे दोन तर्क सर्वांत जास्त मांडले जातात.

विसर की बहिरेपणा?

वयाने कान जातात ते बहुधा बारीक, उंच आवाजांपासून. म्हणून "ऐकू येतं, पण कळत नाही" ही तक्रार. स, श, थ, फ हे आवाज आधी निसटतात. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं आणि बाजारात हिशेब चुकतो. उद्यमबागच्या फाउंड्रीत किंवा वडगाव-शहापूरच्या मागावर वर्षं काढलेल्यांना हे लवकर होतं. डॉक्टरांनी हळू आवाजात, मास्क लावून "आज वार कोणता?" विचारलं आणि उत्तर चुकलं, तर तो विसर धरला जातो. म्हणून स्मरणशक्तीच्या तपासणीआधी कानातला मळ काढून घ्या आणि ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) करून घ्या. आपल्या भागात आणखी एक अडचण: घरी मराठी बोलणाऱ्या आजोबांना कन्नड शब्दयादी ऐकवून कान तपासले, तर गुण कमी पडतात. शब्दांची आणि स्मरणशक्तीची, दोन्ही तपासण्या मराठीतून मागा. बी-१२ आणि थायरॉइडबद्दलही डॉक्टरांना विचारा. त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मशीनचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तिथे उशीर महागात पडतो. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, तरीही आधी डॉक्टर. कोमट तेल कोणत्याही कानात नको.

पहिला महिना

मशीन कपाटात जाऊन बसतं ते बहुतेक याच महिन्यात. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज (भांडी, पंखा, स्वतःचं चघळणं) एकदम अंगावर येतात. पहिला आठवडा शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत, रोज एक-दोन तास. दुसऱ्या आठवड्यात चार तास, टीव्हीसह. लग्नाचा हॉल किंवा शनिवारचा बाजार महिनाभरानंतर. तोवर दिवसभर, निदान आठ तास, घालायची सवय व्हावी. दोन-तीन आठवड्यांनी मशीन पुन्हा जुळवावं लागतं. ती फेरी चुकवू नका. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या.

शिट्टी वाजते त्याची कारणं तीन: साचा (मशीनचा कानात बसणारा भाग) नीट बसलेला नाही, कानात मळ साठलाय, किंवा साचा सैल झालाय. आवाज कमी करून शिट्टी थांबवली, तर ऐकूही कमीच येणार. आवाज एकदम मंद झाला तर आधी कानातला मळ अडवणारी जाळी बदलून पाहा. चार्जिंगच्या मशीनवर ९९ टक्के चार्ज दिसतो आणि आवाज नाही, तेव्हाही दोष बहुधा जाळीचाच.

सेलवर चालणारं मशीन असेल, तर सेलचा स्टिकर काढल्यावर सेल हवेतला ऑक्सिजन घेऊन चालू होतो, म्हणून दोन-तीन मिनिटं उघडा ठेवून मगच बसवा. काढलेला स्टिकर परत लावून सेल वाचत नाही. वापरलेला सेल नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर लगेच दवाखाना.

पावसाळ्यात, खानापूरकडे तर विशेष, मशीन ओलाव्याने बंद पडतं. रात्री सेलचं झाकण उघडून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. मशीन मऊ कोरड्या कापडाने पुसा, पाणी-स्पिरिट नको. साचा मात्र मशीनपासून सोडवून साबणाच्या पाण्यात धुता येतो.

६० वर्षांवरील बीपीएल कार्डधारकांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मोफत मिळू शकतं. आमच्याकडून विकत घेण्याआधी तिथे चौकशी करा. ज्यांना आधीच विसर पडतो, त्यांचं मशीन रोज कोण लावणार आणि काढणार ते घरात ठरवा, आणि तपासणीला येताना त्याच माणसाला सोबत आणा.