पावसाळा, मोजे आणि चिखल्या

ओल्या बुटांत आठ-नऊ तास कोंडलेला पाय बाहेर काढला की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, फुगलेली दिसते. चार दिवस हेच चाललं की तिला चिरा पडतात, खाज सुटते. नाव चिखल्या असलं तरी चिखलात पाय न टाकणाऱ्यांनाही त्या होतात, कारण दोष ओलीचा असतो. ती पावसाचीच असते असंही नाही. अंगावर घामाच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात त्या तळहातांवर आणि तळपायांवर, आणि तळपाय आपण दिवसभर बुटात डांबून ठेवतो.

मोजे घेताना बहुतेक जण ‘शंभर टक्के कॉटन’ शोधतात. इथेच गफलत होते. साधारण दमट हवेत सुती धागा वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल धरतो, नायलॉन 4 टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सुती मोजा घाम पितो, पण सोडत नाही. भिजला की चपटा होऊन कातडीला चिकटतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही, धाग्यांमधल्या फटींतून ते बाहेरच्या बाजूला सरकतं. म्हणून दिवसभर बूट घालणाऱ्यांना सुती आणि कृत्रिम धाग्यांचं मिश्रण बरं. लोकर सुमारे 16 टक्के ओल सामावते आणि तरी ओली लागत नाही, पण आपल्याकडे बारीक लोकरीचे मोजे महाग पडतात. अर्थात रेक्झिनच्या बंद बुटात कुठलाच मोजा चमत्कार करत नाही. तिथे दुपारी मोजे बदलणं हाच उपाय. पिशवीत एक कोरडा जोड ठेवा आणि नवा जोड चढवण्याआधी बेचक्या पुसून घ्या.

ओल्या कातडीवर घर्षण वाढतं आणि फोड येतात. फोड येतो तो नुसता वरून घासल्यामुळे नव्हे. चालताना कातडीचे थर एकमेकांवर ताणले जातात, आतला थर फाटतो आणि तिथे पाणी साठतं. ‘फ्री साइझ’ मोज्यात हा धोका जास्त. पाय लहान असेल तर बोटांपुढे चुणी पडते, मोठा असेल तर मोजा नखं मागे दाबतो. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच बसली पाहिजे, घोट्याकडे सरकलेली नको. विकत घेताना मोजा उलटा करून बोटांवरची शिवण चाचपून पाहा; जाड, टोचरी असेल तर तो जोड ठेवून द्या.

धुतानाही मोजे उलटेच करावेत, कारण मेलेली कातडी आणि बुरशी आतल्या बाजूला असते. चिखल्यांना बुरशी लागली असेल तर नेहमीचं कोमट पाणी पुरत नाही, मशीनचा 60 अंशांचा प्रोग्राम लागतो. एरवी इतकं गरम पाणी नको. त्याने इलॅस्टिक लवकर मरतं. ब्लीचनेही तेच होतं. सॉफ्टनर धाग्यांवर थर धरतो आणि घाम वाहून नेण्याची क्षमता घटवतो. हीच बुरशी जांघेतही गजकर्ण करते. म्हणून अंतर्वस्त्र घालण्याआधी मोजे चढवावेत, म्हणजे पायाची बुरशी वर जात नाही.

मोजा टाकायचा कधी? भोक पडायची वाट पाहू नका. आत हात घालून टाच उजेडासमोर धरा. विणीतून बोटं दिसत असतील तर तिथली गादी संपली आहे. इलॅस्टिक सैल पडून मोजा बुटात उतरत असेल, आतून गोळे आले असतील, तरी तो गेलाच. याउलट, सैल मोज्यानेही संध्याकाळी पोटरीवर खोल वळ उठत असेल आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ती सूज आहे. अशा वेळी मोजा बदलून भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं.

मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी रफू केलेले मोजे घालू नयेत. रफूची गाठ दिवसभर टोचत राहिली तरी त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी पांढरे किंवा फिकट रंगाचेच मोजे घ्यावेत, म्हणजे रक्ताचा किंवा पुवाचा डाग मोजे काढताक्षणी दिसतो.